पाणी प्यायचा सल्ला

"मॅडमनी पाणी पाजून मारायचं ठरवलंय आपल्याला," सोनाली माहेनूरच्या कानात कुरकुरली. "पोटात तळं झालंय नुसतं."

"पी गं गुमान. बघतायत."

झीनत मॅडम बघतच होत्या. नर्सिंग कॉलेजात सामाजिक आरोग्य शिकवणारी ही बाई वर्गात कमी आणि भलत्याच जागी जास्त शिकवायची. आजची जागा अक्कलकोट रोड एमआयडीसीतली टॉवेल शिलाईची शेड. बायका मशीनवर टॉवेलच्या कडा शिवत होत्या आणि दोघी विद्यार्थिनी सकाळपासून त्यांच्याशेजारी घड्या घालत बसल्या होत्या.

कारण याच शेडमध्ये शिवणारी नागम्मा. थंडीतापानं ती मशीनवरच कोसळली होती. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग, पावसाळ्यापासून तिसऱ्यांदा. पुन्हा झालं तर किडनीवर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सोनालीनं वर्गात तिची केस मांडली तेव्हा ठणकावून सांगितलं, "भरपूर पाणी प्यायला सांगितलंय. पण पेशंट ऐकत नाही. जुन्या समजुती."

"कुठल्या समजुती?" मॅडमनी विचारलं.

"असतील की काहीतरी. तेलुगू लोक आहेत ते."

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं, असं पोरींना वाटलं. "छान," एवढंच म्हणाल्या. "जो सल्ला दिलास, तो एक दिवस तू पाळ. तिच्याच शेजारी बसून."

जेवणाच्या सुट्टीआधीच सोनालीची चुळबुळ सुरू झाली. शेडमागं संडास होता, चांगला फरशी घातलेला. पण त्याला कुलूप. किल्ली सुपरवायझर महेश्वरच्या टेबलावर, आणि टेबलाभोवती गठ्ठे बांधणारे बाप्ये. बायका तिकडं बघतही नव्हत्या.

सोनाली म्हणजे मोहोळच्या बाजारात बापाच्या शेळ्यांचा भाव भांडून वाढवणारी पोर. त्या टेबलाशी मात्र तिला दोनच शब्द जमले.

"दादा... किल्ली."

"कसली?" महेश्वरनं मान वर न करता विचारलं. एक गठ्ठेवाला खोकल्यासारखं हसला. सोनाली लालेलाल होऊन परत फिरली.

"मावशी, तुमी कसं करता वो?" तिनं नागम्माला विचारलं.

नागम्माचं मशीन थांबलं नाही. शेजारच्या मथुराबाईनं हळूच सांगितलं, "सुपरवायझर जावई हाय की तिचा. काय सांगायचं झालं तर लेकीकडनं निरोप धाडती. त्याच्याकडं किल्ली कशी मागंल?"

"मग तुमी मागून द्या."

"आमाला तरी कुटं मागवतंय? घरनं जाऊन येतो, घरी गेल्यावर जातो. मधी पाणीच पीत न्हाय. सोपं हाय की."

सोनाली तडक मॅडमसमोर उभी राहिली. "मॅडम, तिला काय शिकवायला नको. ते कुलूप काढायला पायजे."

मॅडमनी पदर खोचला आणि टेबल गाठलं. "कुलूप कशाला हो?"

"शेठचा नियम. बायका तितंच गप्पा मारत बसतात." महेश्वर वाईट माणूस नव्हता, नोकरी सांभाळणारा माणूस होता, आणि कधीकधी ते जास्त वाईट ठरतं. "मॅडम, तुमी पाण्यावर बोला. कारखान्यावर बोललात तर पुढच्या वर्षी पोरींना गेट बंद."

"करा बंद. गेटबाहेर रस्ता आहे, तिथं वर्ग घेईन. विषय हाच."

"पण तक्रार कुणाची हाय?" तो उठला आणि शेडभर ऐकू जाईल असं म्हणाला, "कुणाला हितं अडचण हाय का? बोला की!"

एकेक मशीन थांबलं. मथुराबाई हातातला टॉवेल उलटासुलटा करत राहिली. माहेनूर बोलायला पुढं झाली तर मॅडमनी तिचं मनगट धरलं. "तू नाही. तू संध्याकाळी घरी जाशील. त्यांना उद्या इथंच यायचंय."

नागम्मानं मशीनखालची भरलेली बाटली काढली, उभ्यानंच अर्धी संपवली. मग डोक्यावरचा पदर नीट केला, अगदी जावयासमोर करतात तसा, आणि बाप्यांच्या मधून वाट काढत टेबलाशी गेली. लेकीचं लग्न लागल्यापासून पहिल्यांदा तिनं महेश्वरच्या डोळ्यांत बघितलं.

"जावईबापू, मला लघवीला जायचंय. ह्या समद्यांना जायचंय. रोज जायचं असतंय. किल्ली द्या, आन् कुलूप परत लावू नका."