शेऱ्याचा रकाना

मी एक प्रिंटर. जनावरांच्या दवाखान्यातला. माझ्या पोटातून कागदापेक्षा केसच जास्त निघतात, असं दुरुस्तीवाला म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं.

कारखान्यातून खोक्यात बसून आलो, तेव्हा डॉक्टरांनी मला वजनकाट्याशेजारच्या टेबलावर जागा दिली. काय दिवस होते ते! सकाळपासून औषधांच्या चिठ्ठ्या, लसींचे दाखले. माझी पाठ तापली की भोपळ्या नावाचा बोका वर येऊन पसरायचा. कुणी हाकलायला लागलं की डॉक्टर म्हणायचे, "राहू दे, त्याचा शेक चालू आहे."

पुढे चिठ्ठ्या मोबाईलवर जाऊ लागल्या. माझ्यावर धूळ बसली आणि धुळीवर फायली बसल्या.

जनावरांच्या नोंदी डॉक्टर एका ऑनलाइन सेवेत ठेवायचे. नाव, वय, लसीची तारीख, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्यात ते मनातलं लिहायचे. 'चावत नाही. मालक चावतो.' 'सुईला भीत नाही, झाडूला भितो.'

गेल्या वर्षभरात डॉक्टर विसरायला लागले होते. घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. सकाळी दार उघडण्याआधी ते त्या दिवशी येणाऱ्यांचे शेरे वाचून ठेवायचे, म्हणजे प्राणी आत आला की जुनी ओळख असल्यासारखं बोलता यायचं. हे फक्त मी पाहिलं होतं. मला सांगता कुठं येतंय!

शेवटी त्यांनी दवाखाना एका नव्या डॉक्टरबाईंना सोपवायचं ठरवलं. नेमकी त्याच महिन्यात ती ऑनलाइन सेवाही बंद होणार असं कळलं. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत काय ते उतरवून घ्या, नंतर सगळं पुसलं जाईल. काउंटर सांभाळणाऱ्या सुनेनं त्या दुपारी सगळ्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये उतरवल्या, माझ्यावरची धूळ झटकली आणि सासऱ्यांना दाखवायला काही पानं छापली.

डॉक्टर पानं उलटत राहिले. "हवालदार, कुत्रा, नऊ वर्षं. हा कोणता गं?"

"बाबा, चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही. यातला एकही आठवत नाही मला." त्यांनी पान उलटसुलट करून पाहिलं. "शेरे कुठं गेले?"

सुनेनं ते पान हातात घेतलं. "मीच वगळले. नव्या बाई वाचून हसतील असं वाटलं, म्हणून उतरवताना शेऱ्यांपुढच्या चौकोनातली खूण काढली. मला काय ठाऊक, बाबा..."

घड्याळात सव्वापाच झाले होते. तिनं खूण पुन्हा केली, आणि उतरवायला लावलं. पडद्यावरचं चक्र नुसतंच गरगरत होतं. कंपाउंडरकाका तिच्या खुर्चीमागं उभे राहून सारखे म्हणत होते, "आली का फाईल? आली का?"

"काका, तुम्ही विचारलंत की ती जास्तच वेळ लावते!"

सहाला सात मिनिटं असताना फाईल आली. पण छापताना शेरे पानाबाहेर कापले जाऊ लागले.

"पान आडवं कर की," काका म्हणाले. "साहेबांनी थोडक्यात कधी काही सांगितलंय का?"

मी जीव तोडून छापत होतो. टोनर संपत आलेला. काकांनी तो काढून हलवला, परत बसवला, तरी अक्षरं फिकट होत गेली. डॉक्टर गरम पानं घेऊन वाचत होते. "अरे, हवालदार म्हणजे तो! माझा चष्मा घेऊन पळालेला!" आणि मग त्यांनी खिशातून पेन काढलं. शब्द जिथं पुसट होते तिथं ते गिरवत गेले, आणि एका ओळीत जिथं मी काहीच उमटवू शकलो नव्हतो, तिथला शेरा त्यांनी आठवून लिहिला. सून डोळे पुसत हसली.

नव्या बाईंचा नवा प्रिंटर आला. मी आता डॉक्टरांच्या घरी, खिडकीखाली, कापड पांघरून आहे. दुपारच्या चहाबरोबर ते मी छापलेल्या शेऱ्यांचं एखादं पान वाचतात. हल्ली कधी कधी विचारतात, "हा लिहिणारा कोण गं? भारी खोडकर दिसतो."

"आहे एक," सून म्हणते. "आमच्याच घरातला."

माझं आता फार राहिलेलं नाही. कागद ओढणारे रूळ झिजलेत. तुमच्याकडं कुणाच्या आयुष्यभराच्या नोंदी उतरवायची वेळ आली, तर एवढं माझं ऐका: शेऱ्याचा रकाना वगळू नका. हसेनात का लोक.