नवी फणी

फणी गुलाबी होती, प्लास्टिकची, एका बाजूला जाड दात आणि दुसऱ्या बाजूला बारीक. ती अजून एकाही केसाला लागलेली नाही हे गिरिजाने उजेडात धरून, नाकाशी नेऊन, अंगठ्याच्या नखाने दात वाजवून तीन-तीनदा तपासलं होतं, तरीही मळून झाकून ठेवलेल्या पिठाशेजारी ती ओट्यावर दिसली की हात तिला उचलून लांब ठेवायला जायचाच. स्वयंपाकघरात फणी! आईने बघितलं असतं तर… पण आईला जाऊन वीस वर्षं झाली, आणि ती असती तरी आधी बाकीच्याच गोष्टींवर तिने तोंडसुख घेतलं असतं, फणीचा नंबर फार उशिरा लागला असता.

फणी उत्तनहून, लेकीच्या सासरहून आली होती. विहीणबाईंनी, म्हणजे लॉयडच्या आईने, रुथने, ती कागदात गुंडाळून काल जावयाच्या हाती पाठवली होती आणि पाठोपाठ फोनवर स्वतःचा आवाजही पाठवला होता. गिरिजाने तो चारदा ऐकला. "विहीणबाय, फणी नवी हाय. कुनी केसाला लावलेली न्हाय. अंडा घालू नका, तुमच्यात चालत न्हाय ना? नारलाचा रस घाला, मस्त होतात. आमच्याकडं सगल्यांच्या हातचे कलकल एकत्र करतात, तुमचेपन पायजेत." मागे कोंबडा आरवत होता आणि कुणीतरी भांडी आपटत होतं.

कलकल म्हणजे शंकरपाळ्यांचे चुलतभाऊच. पिठाची सुपारीएवढी गोळी फणीवर दाबून पातळ करायची, मग बोटाने गुंडाळत आणायची, की अंगावर रेघा असलेली छोटीशी गुंडाळी होते, ती तळायची. नाताळच्या आधी त्यांच्या घरची सगळी माणसं टेबलाभोवती बसून हे करतात, आणि ज्याला यायला जमत नाही त्याने आपल्या घरून करून आणायचे, मग सगळ्यांचे एका परातीत. गेली तीन वर्षं गिरिजाला कुणी फणी पाठवली नव्हती. यंदा पाठवली — म्हणजे यंदा तिला घरच्यांत धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचीच धास्ती वाटत होती.

कारण रुचिताचा फोन वेगळाच होता. एकुलती एक लेक, पण आवाज असा, जसा काही गॅसचा नंबर लावतेय. "चोवीसला यायचं, सत्तावीसला जायचं. बाबा तर येतायतच. पण आई, तू मनापासून येणार असशील तरच ये. इथे येऊन तोंड पाडून बसणार असशील तर नको. मम्मींना मी सांगेन काहीतरी."

मम्मींना, म्हणजे रुथला. गिरिजाने हो म्हटलं होतं आणि फोन ठेवल्यावर विचारात पडली होती — मनापासून यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? साडी इस्त्री करता येते, पिशवी भरता येते, रक्तदाबाच्या गोळ्या मोजून डबीत ठेवता येतात. मनाचं काय करतात? मनाची तयारी ठेवा, असं डॉक्टर म्हणतात, तेही अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर, आवाज खाली आणून. मजा करण्यासाठी कुणी मनाची तयारी केल्याचं तिने तरी ऐकलं नव्हतं. पण आपल्याला करावी लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि एकदा ठरवल्यावर तिला त्यात थोडी गंमतच वाटू लागली. साठीच्या उंबरठ्यावर मन वळतं का, बघू या तरी. पापडाचं पीठ वळतं, कुटून कुटून. मग हे का नाही?

सकाळपासून म्हणून ती सराव करत होती. कुकर लावताना तिने हळूच म्हणून बघितलं, "हॅपी ख्रिसमस." फार कोरडं झालं. पुन्हा म्हटलं, थोडं हसून. कुकरने शिट्टी दिली, आणि दारात वर्तमानपत्र घेऊन उभे असलेले रुचिताचे बाबा, आत्माराम म्हणाले, "सेम टु यू."

"तुम्ही कधी आलात?"

"पहिल्या ख्रिसमसपासून इथेच आहे. हात पुढे करून म्हण, रुथताई हातात हात देतात."

टपाल खात्यात सदतीस वर्षं काढलेला हा माणूस, रुचिताच्या लग्नाच्या वेळी महिनाभर जेवणावर राग काढत होता, आणि मग एके दिवशी एकटाच उठून उत्तनला गेला, लॉयडच्या वडिलांबरोबर बंदरावर बसला, संध्याकाळी परत आला तो सरळ झालेलाच. आता त्याने लाल स्वेटर विकत घेतलाय. मीरा रोडला कुठल्या डिसेंबरात स्वेटर लागतो? पण हौसेला काय… यांचं मन कुणी वळवलं, कधी वळवलं, मला का नाही दिसलं? विचारलं तर म्हणतात, वारा छान होता तिथे.

वरून भुरभुरायला पिठीसाखर कमी पडली म्हणून ती खाली उतरली. सिल्व्हर पार्कच्या नाक्यापर्यंत दुकानांवर कागदी चांदण्या टांगलेल्या, कापसाची दाढी लावलेला एक बाहुला कमरेतून हलत होता. दरवर्षी हे सगळं असायचंच, ती त्याच्याखालून भाजी घेऊन जायची, जसं दुसऱ्याच्या लग्नाच्या मांडवाखालून जावं. आज ती मान वर करून बघत राहिली. निळी चांदणी बरी की पिवळी? न्यायची झाली तर कुठली न्यावी? दुकानदाराने साखर बांधता बांधता विचारलं, "आंटी, केक बना रहे हो?"

"नहीं, कलकल," ती म्हणाली, आणि कलकल हा शब्द आपल्या तोंडून पहिल्यांदाच मोठ्याने निघालाय हे जिन्यात आल्यावर तिच्या लक्षात आलं.

पहिली गोळी फणीला चिकटली. दुसरी तुटली. तिसरी मात्र हलकेच उलगडत आली, दातांच्या रेघा अंगावर घेऊन, आणि गिरिजा नकळत म्हणाली, "हलू नकोस गं." मग हात थांबला. कुणाला म्हटलं हे?… परळच्या एका खोलीत, खिडकीखाली, दोन गुडघ्यांमध्ये रुचिताचं डोकं घट्ट धरून — शाळेची वेळ झालेली, तेल जास्त झालेलं, बारीक दातांची फणी कानामागून खसकन ओढलेली, "आई, दुखतंय!" "हलू नकोस, म्हणजे दुखत नाही." दोन वेण्या, लाल रिबिनी, भांग नाकासारखा सरळ. रुचिता रडायची, पण वेणी घालायला आईच लागायची. काकू पुढे आली तर पळून जायची. आता तिचे केस खांद्यापर्यंतच आहेत, आणि ते कोण विंचरतं हे विचारायची सोय नाही.

तशी ती बोलायची बंद झालेली नाही. बोलते, दर रविवारी बोलते. पण गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून…

गिरिजाने पुढची गोळी घेतली. हा विचार आज ना उद्या येणारच होता, त्याला दार लावून उपयोग नव्हता. गेल्या वर्षी दिवाळीत तिने उत्तनला फराळ पाठवला. लाडू, चकल्या, करंज्या, शंकरपाळे — हात राखून नव्हे, चांगला घसघशीत. फक्त स्टीलच्या डब्यांतून नव्हे. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांतून. कारण स्टीलचे डबे परत आले असते, आणि मधल्या काळात त्या घरात, त्या मोरीत, त्यांत काय काय ठेवलं गेलं असतं… हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आत्मारामांनाही नाही. आइस्क्रीमचे डबे टाकून दिले तरी चालतात, एवढंच म्हणाली होती.

रुथने ते टाकले नाहीत. आठ दिवसांनी ते परत आले, घासून लख्ख केलेले, झाकणाला झाकण जुळवून, आणि भरलेले. लालसर वड्या होत्या, साखरेत घोळवलेल्या. गिरिजाने वासही घेतला नाही. सरूबाई भांडी घासत होत्या, त्यांना म्हणाली, "घेऊन जा हो, मुलांना होईल." डब्यांसकट.

पुढल्या महिन्यात रुचिता आली, सोफ्यावर बसून चहा पीत होती, आणि सरूबाईंना अगदी राहवलं नाही. "ताई, तुमच्या सासूबाईंच्या हातच्या वड्या लई भारी होत्या हां. आमच्या पोरांनी एका दिवसात फस्त केल्या."

रुचिताने चहा संपवला. कप स्वतः विसळला. दारात चपला घालताना म्हणाली, "पेरू आणि साखर होती आई. दुसरं काही नसतं त्यात. मम्मी चार तास चुलीपाशी उभ्या होत्या." रागावून नाही, नुसतं माहिती द्यावी तसं. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

रुथला हे सांगितलं असेल का तिने? गिरिजा वर्षभर याच एका जागी येऊन अडायची. सांगितलं असेल, तर मग ही फणी कशी आली? नसेल सांगितलं, तर लेक वर्षभर एकटीच ते मनात घेऊन त्या घरात वावरतेय, आपल्या आईची लाज झाकत. दोन्हीपैकी काय जास्त वाईट, तेही ठरत नव्हतं. आजवर हा विचार आला की ती देवघरापाशी जाऊन काहीतरी पुसत बसायची. आज तिच्या हातांना पीठ होतं.

चार वाजता शेवटचा घाणा निघाला. कलकल चांगले खुसखुशीत झाले होते, काही वाकडे, काही फारच लठ्ठ. आत्मारामांनी दोन उचलले, तिसरा खिशात टाकला आणि खाली फिरायला गेले. गिरिजाने स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढला — लग्नातला, मामाने दिलेला, टिंबाटिंबांनी तिचं नाव कोरलेला. पुसून, कागद घालून, तिने कलकल एकावर एक रचले. वर्षभरात साठलेले आइस्क्रीमचे दुसरे डबे ओट्याखाली होते. तिने ते पाहिले, आणि ओट्याखालचं दार लावलं.

सत्तावीसला निघताना रुथ हा रिकामा देणार नाही, हे नक्की. काय घालतील त्यात? आणि ती चव कशी असते — पेरू आटून आटून लाल होतो म्हणजे नेमका कशासारखा लागतो? सरूबाईंच्या मुलांना माहीत आहे, मला नाही. जिभेवर काहीतरी आल्यासारखं झालं, पण त्याला नाव नव्हतं.

फणी नळाखाली धरून दातांमधलं पीठ ती काडीने काढत होती, ओठ हलत होते. सकाळपासूनचा सराव, तिला वाटलं. मग तिने नीट ऐकलं, तर ते हॅपी ख्रिसमस नव्हतंच. "रुथताई," ती म्हणत होती, "तुमच्या पेरूच्या वड्या मी चाखल्यासुद्धा नव्हत्या हो…" तिने नळ बंद केला. पुन्हा म्हणून बघितलं. या वेळी कोरडं झालं नाही. पुढचं वाक्य रुथचं होतं, आणि ओली फणी हातात धरून ती कान देऊन उभी राहिली, पण ते काही केल्या तिला ऐकू येईना.