तेविसावी प्रतिज्ञा

ती मुलगी आरशासमोर गर्रकन वळली आणि रामाजीला तिच्या पाठीवर आपली पँट दिसली.

अख्खी पँट नव्हे. जाकिटाच्या मधोमध खाकी कापड, दोन्ही बाजूंना निळ्या चौकड्या, आणि खाली, जिथं माणसाला खिसा असायचं काही कारण नाही, तिथं खिसा. पण त्या खाकीवर वेल्डिंगच्या ठिणगीनं जळलेली जागा होती. ती ठिणगी सत्त्याहत्तर साली रामाजीच्याच मांडीवर उडाली होती. जळक्या जागेभोवती त्याच्या लेकीनं, आशानं, लाल दोऱ्यानं फूल काढलं होतं, म्हणून काय माणूस आपली पँट ओळखणार नाही? त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

रामाजी बल्लारपूरच्या कागद कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर. छप्पन्न साली चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा साऱ्यांबरोबर त्यानं बावीस प्रतिज्ञा म्हटल्या आणि घरी येऊन तेविसावी आपली आपण घेतली: दुसऱ्याचं उतरलेलं अंगावर घालायचं नाही, आणि आपलं उतरलेलं दुसऱ्याला द्यायचं नाही. पहिला अर्धा भाग सोपा गेला. दुसऱ्यानं घरात अडगळ केली. तीस वर्षांच्या पँटी आणि सदरे दोन लोखंडी पेट्यांत घड्या घालून पडले होते, कारण देता येत नव्हते आणि टाकवत नव्हते.

अशा माणसाच्या पोटी आशासारखी मुलगी यावी, याला काय म्हणावं? रविवारच्या बाजारातून ती जुन्या कपड्यांचे गठ्ठे आणायची, कोट उसवायची, लुगडी फाडायची, आणि दोहोंचं मिळून असं एक काही शिवायची की चंद्रपूरच्या कॉलेजातल्या मुली बसनं घर शोधत यायच्या. सुरुवात शेजारच्या मंगलीच्या गॅदरिंगपासून झाली. पुढं साथ पसरावी तशी ती फॅशन पसरली.

रामाजीनं हुकूम काढला, दुसऱ्याच्या अंगचं कापड घरात येणार नाही. आशानं मशीन घरापुढच्या छपरीत नेली. मग छपरी घरात धरायची की बाहेर, यावर आठ दिवस खल झाला. शेवटी शेजारच्या देवाजीनं निकाल दिला, की माणूस चपला काढतो तिथून घर सुरू. दुसऱ्या दिवशी सकाळी आशानं सगळ्यांच्या चपला उंबरठ्याच्या आत नेऊन ठेवल्या.

यंदा भादव्यात पावसाची झड लागली, छपरी गळली आणि गठ्ठ्याला बुरशी चढली. जाकीट तर रविवारी द्यायचं कबूल केलेलं. आशानं बापाचा हुकूम मनात पुन्हा एकदा तपासला. हुकूम दुसऱ्याच्या कपड्यांबद्दल होता. तिनं पेटी उघडली.

"आशाताई, एकदम फस्क्लास," मुलगी म्हणाली. "माझ्या वर्गातल्या पाच जणींना असंच पाहिजे."

"कोण्या गावची तू, बाई?" रामाजीनं विचारलं. पँटीचा विषय कसा काढावा हे सुचेपर्यंत काहीतरी बोलायला हवं होतं.

"कोसमटोल्याची. मालगुजारांची नात."

रामाजी स्टुलावर बसला. कोसमटोला त्याचंही गाव, आणि मालगुजार म्हणजे त्या अख्ख्या गावाचा जमीनदार. कोसमटोल्याच्या मालगुजाराची नात त्याची पँट पाठीवर मिरवत आणि वर पैसे मोजून चालली होती. तोंडातून अवाक्षर काढायची गरज नव्हती. देवाजीला सांगितलं असतं तर तो दिवाळीपर्यंत हसला असता. रामाजीच्या पोटात गुदगुल्या झाल्या आणि लगेच त्याला स्वतःची लाज वाटली. असल्या सुखासाठी त्यानं प्रतिज्ञा घेतली नव्हती.

"बाई, थांब," तो म्हणाला. "ते जाकीट काढून ठेव."

"काऊन, बाबा?" आशाची मान वर झाली.

"त्याच्यात माही जुनी पँट आहे. आपण उतरलेलं कोनाले देत नाई."

"पाच जणींचं काम आलं आहे," आशा दात आवळून म्हणाली. "माहा धंदा बंद करून राह्यले काय तुमी?"

"होऊ दे बंद. त्या पोरीले माहीत पाह्यजे."

"मला माहीत आहे," मुलगी म्हणाली. "आशाताईंनीच सांगितलं. खरी कारखान्यातली पँट आहे, म्हणून तर शिलाई जास्त घेतली."

रामाजीनं लेकीकडं पाहिलं. आशा मशीनमध्ये दोरा ओवायला लागली. तो सकाळपासून ओवलेलाच होता.

"मंग हेबी आयक," रामाजी मुलीला म्हणाला. "सात वर्साचा होतो मी. तुह्या आजोबाचा उतरलेला कोट भेटला मले, तुमच्याच आंगनात. माय म्हने, वाक. मी वाकलो, तं बाह्या जमिनीले टेकल्या. सारे हासले."

"आजोबाही?"

"ते तं पोट धरून."

मुलगी हसली नाही. जाकिटाची गुंडी ती उगाच लावत आणि काढत राहिली. मग म्हणाली, "काका, हे मी घालू का?"

त्या घरातल्या कुणी रामाजीला कधी काही विचारल्याचं त्याला आठवेना. तिथं सांगत. तो उठून मुलीच्या भोवती फिरला, कारखान्यात बिघडलेल्या पंपाभोवती फिरायचा तसा. खांद्याची शिवण दंडावर दोन बोटं उतरली होती.

"आशा, खांदा ढिला आहे. आत घे."

"चालतं तसंच, काका," मुलगी म्हणाली. "फॅशन आहे ती."

"नाई चालत," रामाजी म्हणाला. "आंगाच्या मापाचं पाह्यजे. माप घेतलं का मंग ते उतरलेलं नसते. सरळ उभी राह्य."

मुलगी सरळ उभी राहिली. आशानं खांदा उसवला. रामाजी टाचण्यांची डबी घेऊन शेजारी थांबला, आणि आशा हात पुढं करील तशी एकेक टाचणी देत गेला.