बिनपात्यांचा पंखा

दाजींनी तो पंखा आणला त्या दिवशी मी पोटभर हसायला हवं होतं. एरवी हसतेच. गॅरेज माझं, जीभही माझीच, आणि बहिणीच्या नवऱ्याची थट्टा करायला मेहुणीला कुणाची परवानगी लागत नाही. पण ताईने सकाळीच फोन करून बजावलं होतं. चष्म्याचं दुकान बंद केल्यापासून ते घरात तोंड मिटून बसतात, या पंख्याच्या निमित्ताने जरा बोलायला लागलेत, तेव्हा आजच्या दिवस हसू नकोस.

डब्यावर ‘इलेक्ट्रिक सुपरचार्जर’ असं झोकात छापलं होतं. इंजिनच्या हवेच्या नळीत बसवा, बॅटरीला जोडा, गाडी पळेल वाऱ्यासारखी. किंमत एका टायरपेक्षा कमी. अहो, चालतं इंजिन स्वतःच जेवढी हवा ओढतं, तेवढीही ढकलायची ऐपत त्या पंख्यात नव्हती. खरा सुपरचार्जर हवा दाबून भरतो आणि त्यासाठी इंजिनचीच घसघशीत ताकद खातो. याची वायर बुटाच्या नाडीएवढी. आवळा देऊन कोहळा काढायला निघालेली वस्तू. हे सगळं ओठांवर आलं होतं, पण मी गिळलं आणि म्हटलं, ठेवून जा, बसवते.

बसवताना पाहिलं तर पाती प्लॅस्टिकची आणि डुगडुगती. एक जरी तुटलं तरी सरळ इंजिनात जाणार. म्हणून मी पाती काढून खणात टाकली आणि नुसतं रिकामं कवच नळीत बसवलं. हात काळे झालेच होते, तर एअर फिल्टरही पाहिला. धुळीने गच्च बुजला होता. तो बदलला, प्लगही नवे घातले.

गाडी अर्थातच सुधारली. दाजी मला शेजारी बसवून टेकडीचा चढ चढले आणि म्हणाले, ऐकलीस का पंख्याची शिट्टी, मेहुणीबाई? ती शिट्टी नळी आवळणाऱ्या, मी सैल ठेवलेल्या क्लॅम्पची होती. मी म्हटलं, ऐकली. मागच्या सीटवर ताई त्यांच्याकडे कौतुकाने बघत होती. मला वाटलं, चला, पुण्य पदरात पडलं.

पुढच्याच आठवड्यात दाजी पुन्हा आले, चेहरा नुसता फुललेला. हौशी वैमानिकांच्या क्लबातलं दोन सीटांचं विमान ते आणि त्यांचा एक मित्र मिळून चालवतात. त्याच कंपनीचा मोठा पंखा त्यांनी विमानालाही बसवला होता. रविवारी डोंगरावरच्या धावपट्टीवर जायचं ठरलं होतं. तिथे हवा विरळ, पट्टी आखूड आणि पट्टी संपते तिथे दरी. आजवर ते अर्ध्या टाकीवर, एकटेच जायचे. आता टाकी भरून आणि ताईला घेऊन जाणार होते. इतकी वर्षं विमानाच्या नावाने कानाला खडा लावलेली ताई, तो चढ पाहून तयार झाली होती.

मी आडून आडून सांगून पाहिलं की असले पंखे कुचकामी असतात, विमानात तर मुळीच भरवसा नको. दाजींनी समजुतीने ऐकून घेतलं.

“अगं, तूच बसवलास ना?” ते म्हणाले. “चढही तू पाहिलास.”

मी खण उघडला आणि पाती टेबलावर ठेवली. त्यांना वाटलं, जास्तीची असतील. मग मी त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडलं, नळी सोडवली आणि कवच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आत बोट घालून फिरवलं.

“मग शिट्टी?”

“क्लॅम्प सैल होता. माझ्या हातून.”

“आणि चढ?”

“फिल्टर नवा घातला होता.”

ताईचं नाव जिभेवर आलं होतं. ते मात्र मी घेतलं नाही. म्हटलं, तुम्ही इतके खूश होतात, मला सांगवेना. मला स्वतःचीच शिसारी आली होती. खुशी माझ्या खिशातली असल्यासारखी मी ती वाटली होती.

“आणि रविवारी माझ्या शेजारी तुझी ताई असती,” ते म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

पाती रुमालात गुंडाळून ते निघाले. दारात थांबले. “तिला यातलं काही सांगू नकोस. मी घाबरलो असं सांगतो. तिचा तुझ्यावर फार विश्वास आहे.”

संध्याकाळी ताईचा फोन आला. हसून हसून तिला बोलवत नव्हतं. एवढा गाजावाजा केला आणि ऐन वेळी पाय लटपटले म्हणे. विमानातून पंखा काढला, जाणंही रद्द. “शेळपट निघाले गं तुझे दाजी. हस ना. एरवी तर त्यांना हसायला टपलेली असतेस.”

पलीकडे दाजी तिथेच बसलेले असणार. टीव्हीचा आवाज येत होता.

“हसू नकोस, ताई,” मी म्हटलं आणि स्टूल ओढून बसले. “ते घाबरलेले नाहीत. खोटं मी बोलले होते.”