पाहुणे शिक्षक

थोरली आणि तिचा वर्गमित्र लंबू यांनी कॉलेजच्या जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत संस्था काढली, तेव्हा जवळ एक डुगडुगतं टेबल आणि दांडगा उत्साह होता. परदेशातले विद्यार्थी इथे येऊन सेवा करतील, इथले तिकडे जातील, एवढीच कल्पना. पहिली पाहुणी गेली ती कर्णबधिर मुलांच्या शाळेत. थोरलीचा धाकटा भाऊ तिथेच शिकत होता. आठवडाभरात तो त्या पाहुणीशी हातांनी इतका बोलू लागला, की बघून आईचे डोळे भरून आले.

संस्थेने बाळसं धरलं. खोलीचं ऑफिस झालं, देशोदेशी शाखा निघाल्या. शाळेत दर दीड महिन्याने नवा शिक्षक येई. प्रत्येक जण आपापल्या देशातली वेगळीच खुणांची भाषा शिकवी आणि मुलांना मिठ्या मारून, रडून निघून जाई.

एकदा जेवताना धाकटा काहीतरी मागू लागला. आईने पाणी दिलं, मीठ दिलं. तो मान हलवून पुन्हा तीच खूण करी. थोरलीलाही उमगेना. शेवटी त्याने ताट भिरकावलं.

"वर्गातही हेच चाललंय," शाळेच्या बाई थोरलीला म्हणाल्या. "मुलं एकमेकांनाच समजेनाशी झालीत. एक ना धड, भाराभर चिंध्या! पाठवायचाच तर एकच पाठव गं, इथल्या खुणा शिकून वर्षभर राहणारा."

थोरलीने हे बैठकीत मांडलं.

"वर्षभर कोण येणार?" लंबू म्हणाला. "येणाऱ्या सगळ्यांना हीच शाळा हवी असते. ती वर्षभर एकालाच दिली तर बाकीचे कशाला येतील, आणि नव्या शाखा कशाच्या जोरावर काढायच्या?"

"तिथे माझा भाऊ आहे रे!"

"म्हणूनच तुला धड विचार करता येत नाहीये."

मतं घेतली. तिनेच गोळा केलेल्या पोरांनी लंबूच्या बाजूने हात वर केले. तिने त्याच दिवशी संस्था सोडली. शाळेच्या चालकांनाही परदेशी पाहुण्यांचं भारी कौतुक. तिथेही कुणी दाद दिली नाही. मग तिने भावाला घरी आणलं आणि बाईंकडे जाऊन इथल्या खुणा पहिल्यापासून शिकून घेतल्या.

सहज बोलता येऊ लागल्यावर ती त्याच्यासमोर बसली. "आजपासून मी तुझी शिक्षिका," तिने हातांनी सांगितलं.

त्याने तिला नीट निरखलं आणि विचारलं, "तू कधी जाणार?"

"मी ताई आहे तुझी. कुठेही जाणार नाही."

असं सगळेच म्हणायचे, अशी खूण करून तो भिंतीकडे तोंड करून बसला.