वाकडी नांगरट

धाकट्या भावाचं पत्र येऊन महिना झाला, तरी म्हाताऱ्या मास्तरांच्या हातून उत्तर काही जाईना. लिहायचे, वाचायचे, जीभ चावायचे आणि फाडायचे.

भावानं लिहिलं होतं, 'दादा, शाळा उघडायला आली. सुनेला हाताखाली एक पोर हवंय. नात धार काढायला बसली की बादली भरूनच उठते. नातू बसला की गाय बादली लाथाडते. मुलगा म्हणतो, आपल्या घरची रीतच आहे, कामाचं पोर घरी, बिनकामाचं शाळेत. तू शिकलेला. काय करू?'

ही रीत त्यांच्या बापानं पाडलेली. त्यानं दोघा पोरांच्या हाती एकेक दिवस नांगर दिला. धाकट्याची नांगरट दोरी धरून आखल्यासारखी. थोरल्याची अशी, की बैलच थांबून मागं वळून बघायला लागले.

"हा शेताला नालायक," बापानं कपाळाला हात लावला. "घाला शाळेत!"

झालं. बाजाराचा हिशेब तोंडी करणारा धाकटा ढेकळांत राहिला तो आजवर. आणि नांगर वाकडा गेला म्हणून थोरल्याला जन्माची नोकरी लागली, आता घरबसल्या पेन्शन.

"आज तरी टाकणार का?" बायकोनं चुलीजवळून विचारलं. "तुमच्या फाडलेल्या उत्तरांवर महिनाभर चहा उकळतोय. तिकडं पोरीची शाळा बुडेल."

"अगं, मी कोण सांगणार? मी त्याच रीतीचं खाल्लं."

"म्हणूनच तुम्ही सांगायचं. ज्यानं खाल्लं त्यालाच चव ठाऊक."

"आणि गाईचं कोण बघणार, असं विचारलं तर?"

बायकोनं कोरा कागद पुढं सरकवला. मास्तरांनी मान खाली घातली आणि एका दमात लिहिलं, 'दोघांनाही शाळेत घाल. नातीला आधी. धारा काढायला मी येतो.'

बायकोनं वाचलं आणि पदर तोंडाला लावला. "तुम्ही? अहो, लाथ बसेल!"

"बसू दे. आता नालायक ठरलो तरी मला कोण शाळेत घालतंय!"

दोघं टपालपेटीपाशी गेली. पेटीत पाकीट सरकवलं आणि लगेच, पुन्हा एकदा वाचावं म्हणून, मास्तरांनी फटीत हात घातला. बोटांपलीकडं हात काही आत जाईना.

"जित्याची खोड!" बायकोनं त्यांचा हात ओढून काढला. "पत्र गेलं. चला आता, शेजारणीची गाय दावणीला उभी आहे. बसा शिकायला."