नऊ वीसची हजेरी

दसऱ्याच्या दिवशी निफाडहून नाशिकला आलेली तृप्ती एम. जी. रोडवर एसटी स्टँडकडून चालत नव्हती, चाल करून जात होती. पोर दहावीतली, पण महिनाभर तिने लॅपटॉपांचा एवढा अभ्यास केला होता, की तेवढा भूमितीचा केला असता तर गणिताच्या बाई चक्कर येऊन पडल्या असत्या. त्यात पप्पांनी, म्हणजे वाल्मीकरावांनी, आयुष्यात पहिल्यांदा तिला शब्द दिला होता.

"निवड तुझी. पण एकदा घेतला की घेतला. मग बदलायचं नाय आन् रडायचं नाय."

आजवर तिची साधी चप्पलसुद्धा घरच्यांनी निवडली होती. त्यामुळे ही निवड तिची तिला करायची होती, आणि बरोबरच करायची होती.

दुकानदार योगेशने काउंटरवर दोन लॅपटॉप मांडले. एक घरगुती वापराचा: नवाकोरा, मोरपंखी रंगाचा, वहीएवढा पातळ. दुसरा बिझनेसवाला: काळा, जाडजूड, एका कंपनीत वापरून झालेला.

"काका, बिझनेसवाला म्हणजे दणकट काम," योगेश म्हणाला. "किबोर्डवर पाणी सांडलं तरी चालतं. पार्ट कधीही मिळतात. फक्त बॅटरी नवी टाकायचीये, ही काय, इथेच ठेवलीये."

"ऐकलं का?" पप्पा खूश. "ट्रॅक्टर हाय हा. आन् तुझा तो पापड. शेजारी कोणी शिंकलं तरी मोडंल."

"पप्पा, मला नांगरायचं नाहीये, व्हिडिओ एडिट करायचेत! स्क्रीन बघा ना. तुमच्या ट्रॅक्टरवर सगळी माणसं आजारी दिसतील."

काउंटरच्या टोकाला पूजेचं ताट तसंच होतं. सकाळी योगेशने सगळ्या स्क्रू ड्रायव्हरांना आणि टेस्टरला हळदकुंकू वाहिलं होतं. पप्पांनी ताट पुढे ओढलं. "दोघांनाबी कुंकू लाव. दसरा हाय. मग ठरव."

मोरपंखीच्या झाकणावर तिने कोपऱ्यात कुंकवाचं बारीक बोट टेकवलं. काळ्याचं झाकण उघडंच होतं. किबोर्डखाली उजव्या हाताला एक गुळगुळीत चौकोन होता, नखाएवढा. कुंकवासाठीच जागा सोडल्यासारखा. तृप्तीने अनामिका कुंकवात बुडवली आणि तिथे टेकवली.

चौकोन गार होता. विहिरीतून नुकत्याच काढलेल्या कळशीसारखा. आणि त्याने तिचं बोट क्षणभर धरून ठेवलं.

टिक्. स्क्रीन उजळली.

"अगं ताई, ते बोटाचा ठसा घ्यायचं असतं," योगेश हसत म्हणाला आणि मधेच थांबला. काउंटरवरच्या बॅटरीकडे त्याने पाहिलं. वायर भिंतीला नव्हतीच. "हा चालू कसा झाला?"

स्क्रीनवर एक तक्ता होता. नाव, फोटो, आत, बाहेर. कुठल्याशा ऑफिसची हजेरी. बोट ठेवलं की कॅमेरा फोटो काढणार आणि वेळ नोंदवली जाणार. ओळीमागून ओळ एकच नाव, उज्वला. आत, नऊ वीस. आत, नऊ वीस.

तृप्तीने तक्ता वर सरकवला. जुन्या फोटोंत एक बाई होती. निळा स्वेटर, कानामागे अबोली, झोप न झाल्यासारखं हसू. मागे पांढरी भिंत आणि एक कॅलेंडर. मग एका दिवशी नुसती खुर्ची. तरी हजर. दुसऱ्या दिवशीही खुर्ची, तरी हजर. मग पुढचे सगळे फोटो काळेकुट्ट.

"हे काळे का आहेत, दादा?"

"ती कंपनी बंद पडली ना. तीन वर्षं हा खोक्यात होता, गोडाऊनला." योगेशने कपाळ पुसलं. "आणि ताई, मी यातलं सगळं पुसलं होतं. दोनदा."

तीन वर्षं बंद खोक्यात, रोज नऊ वीसला, हजर. आणि बाईच्या शेवटच्या फोटोपासून 'बाहेर'चा रकाना कोरा. आत आलेली उज्वला बाहेर पडलीच नव्हती.

स्क्रीन आपली आपण विझली.

"मी मोरपंखी घेते," तृप्ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण एकदम बारीक.

पप्पांनी चष्मा आणला नव्हता. त्यांना फक्त पोरीची घाई दिसली. "पापड तर पापड," ते म्हणाले.

घरी आल्यावर तिने बोट तीनदा साबणाने धुतलं. कुंकू गेलं. गारवा काही जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या घाईत एक लाल रिबीन सापडेना, म्हणून डाव्या वेणीला तिने पांढरी बांधली. "तृप्ते, अर्धी शाळा बदलली का गं?" म्हणून मैत्रिणी खिदळल्या. नऊ वीसला ती रांगेत प्रतिज्ञा म्हणत होती. अनामिका तेवढी बधिर झाली होती.

दुपारी ती शाळेतून घरी येते तोच योगेशचा फोन आला.

"ताई, तू सकाळी दुकानात आली होतीस?"

"नाही हो. शाळेत होते."

"मग पाठवलंय ते बघ."

तिने फोटो उघडला, काळ्या लॅपटॉपच्या स्क्रीनचा. त्यात तृप्ती होती. शाळेच्या ड्रेसात, खुर्चीवर. उजव्या वेणीला लाल रिबीन, डावीला पांढरी. मागे पांढरी भिंत, तेच कॅलेंडर. चेहऱ्यावर झोप न झाल्यासारखं हसू. खाली तिचं नाव. आत, नऊ वीस. बाहेर, कोरं.

वरच्या ओळीत उज्वला. बाहेर, काल, बारा चाळीस.

काल बारा चाळीसलाच तृप्तीने कुंकू लावलं होतं.

"घाबरू नको," योगेश सांगत होता. "मी माझं बोट ठेवून बघतो. बहुतेक तुझं नाव निघून जाईल. ठेवू?"

तृप्तीला सगळं लख्ख कळलं. ठेवा, हा शब्द तिच्या जिभेवर आलाच होता. अगदी ओठापर्यंत. मग उद्या नऊ वीसला त्या खुर्चीत योगेशदादा बसलेला तिला दिसला, तसंच हसणारा.

"नको!" ती ओरडली. "दादा, हात लावू नका. कुणालाच लावू देऊ नका. मी येतेय. तोच घेणार मी."

फोन ठेवला तेव्हा पप्पा दारात होते, हातात द्राक्षांच्या छाटणीची कात्री.

"काय झालं गं?"

"पप्पा, बदलायचं नाही म्हणाला होतात, माहितीये मला." तिने बोट मुठीत लपवलं. "पण मला तो काळाच पाहिजे. मी ठरवलंय."

पप्पांचा चेहरा असा काही फुलला की बस. "मी काय सांगत व्हतो? लय इमानी माल हाय तो. जन्मभर सोडणार नाय तुला."